हिशोबाच्या भागाला सोमवारी कोण झोपवतं?

तातेरावांचा संशय हा आजार नव्हता, स्वभावही नव्हता. तो त्यांचा व्यासंग होता. एखाद्याला सकाळी फिरायला गेल्याशिवाय चैन पडत नाही, तसं तातेरावांना सकाळी कुणाचा तरी संशय घेतल्याशिवाय चहा लागत नसे. इंद्रायणीबाईंनी चहात साखर जरा सढळ टाकली, तर "आज काय मागायचंय?" असं विचारून मगच ते बशी तोंडाला लावत. दारात पोस्टमन हसून बोलला की पोस्टमन गेल्यावर ते उंबऱ्याबाहेरची माती निरखून पाहत. असा माणूस साखरेच्या कारखान्यात नोकरीला होता, म्हणजे गोड बोलणाऱ्यांच्या राज्यात. तिथं त्याचं कसं होत असेल, ते तुम्हीच ताडा.

या व्यासंगाचं मूळ घनसावंगीकडच्या त्यांच्या गावात होतं. तातेरावांचे वडील आणि चुलते आबाराव यांची वाटणी झाली, तेव्हा दोघांच्या रानांमधल्या बांधावरून बैलगाडी जात होती. पुढे आबाराव दर पेरणीला नांगर थोडा आत घालू लागले. "चुकून गेला रं," असं दर वर्षी म्हणायचे. चुकत चुकत बांध इतका बारीक झाला की त्यावरून जाताना शेळीलासुद्धा एका पायापुढे दुसरा पाय टाकावा लागे. तातेराव त्या शेळीकडे बघत मोठे झाले. माणूस समोरून मारत नाही, कडेकडेनं कोरतो, हे त्यांना तिथं कळलं, आणि मग जगात दुसरं काही शिकण्यासारखं उरलं नाही.

धारेश्वर सहकारी साखर कारखान्यात ते लागले ते काट्यावर, म्हणजे उसाच्या गाड्या तोलायच्या जागी. हे म्हणजे मांजराला दुधाच्या डेअरीत वॉचमन केल्यासारखं नव्हे, तर उंदरांच्या गावी पोलीस पाटील केल्यासारखं झालं. गाडी काट्यावर आली की गाडीवानाचा मेहुणा उगाच काट्याच्या कडेला उभा राहून बिडी ओढायचा, म्हणजे त्याचंही वजन उसात धरलं जावं. तातेराव खिडकीतून वर न बघता म्हणायचे, "पाव्हणं, खाली उतरा. तुमची साखर निघत न्हाई."

पुढं कॉम्प्युटर आले. जालन्यात मस्तगडला एका दुकानाच्या वर क्लास होता. तातेराव तिथं जाऊन शिकून आले आणि कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख झाले. विभागात ते आणि एक शिपाई. तरीही प्रमुख ते प्रमुखच.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. कारखान्याला मोठी मशीन घ्यायची होती. काट्याला एक आणि हिशोबाला एक, अशा दोन. संचालक मंडळाला दोन हा आकडा आवडला नाही. तेव्हा पुण्याहून आलेल्या इंजिनियरनं तोडगा काढला. एकच मशीन घ्यायचं, पण आतून त्याचे दोन भाग करायचे. कपाट एक, आत जणू दोन स्वतंत्र मशीनं. प्रत्येकाला आपलं बटण, आपली हिरवी बत्ती. एक भाग बंद करून पुन्हा चालू केला तरी दुसऱ्याला पत्ताही लागायचा नाही.

एक वयस्कर संचालक म्हणाले, "म्हंजी घर एक, चुली दोन. हिची भाजी करपली तरी तिचं वरण शिजून राह्यलं."

इंजिनियरनं मान डोलावली. त्याच्या पुस्तकात इतकं सोपं कुठं लिहिलेलं नव्हतं.

मशीन आलं. काट्याचा भाग आणि हिशोबाचा भाग, दोन्हींची देखभाल तातेरावांकडे. आणि हिशोब विभागाचा प्रमुख कोण? तर भुजंगराव. बांध कोरणाऱ्या आबारावांचा थोरला मुलगा. तातेरावांचा सख्खा चुलतभाऊ. बांध संपला तेव्हा दोन्ही घरांतल्या पुरुषांचं बोलणं बंद झालं ते या पिढीपर्यंत बंदच होतं. आता नशिबानं दोघांना पुन्हा एका कपाटात आणून वाटणी करून दिली.

दोघं एकमेकांशी बोलत नसत, पण काम तर रोजचं. यावर उपाय म्हणजे पुंजाराम. पुंजाराम हा मशीनच्या खोलीचा शिपाई. उमर पन्नाशीच्या पुढची. पूर्वी त्याचं घराणं मेंढरं राखायचं, मग शेती आली, मग त्यानं बैलगाडीनं ऊस वाहिला. बैल म्हातारे झाले तेव्हा चेअरमनच्या ओळखीनं तो शिपाई झाला. खोलीत एसी असल्यामुळे तो बारा महिने घोंगडं पांघरून स्टुलावर बसायचा. दाराबाहेर पाटी होती, 'चपला व बूट बाहेर काढावेत.' आत तातेराव येऊन म्हणायचे, "पुंजाराम, आज रिबूट करायचंय." बाहेर बूट काढायचे आणि आत पुन्हा बूट करायचं, हा कारभार पुंजारामला कधी कळला नाही, पण त्यानं कधी विचारलंही नाही.

दोन्ही भाऊ खोलीत समोरासमोर उभे असले तरी बोलणं पुंजाराममार्फत चाले.

"पुंजाराम, त्यांना म्हणावं माझा भाग लय हळू चालून राह्यला."

"साहेब, ते म्हणून राह्यले..."

"ऐकलं मी. त्यांना म्हणावं, चालतंय ना? मंग चालू द्या."

दोन रानांमधला बांध कधीच संपला होता. दोन भावांमधला बांध मात्र घोंगडं पांघरून बसलेला होता, आणि त्याला तंबाखू लागायची.

आता यातलं तातेरावांचं काम समजून घ्यायला हवं, कारण सगळा घोटाळा तिथंच आहे. मशीन किती दिवस सलग जागं आहे हे ते स्वतः सांगतं. त्याला अपटाइम म्हणतात. सलग फार दिवस जागं राहिलं की मशीन तुंबतं. विचारलं एक तर उत्तर द्यायला वेळ लावतं, एखाद्या जागरण झालेल्या माणसासारखं. मग त्याला नीट बंद करून पुन्हा चालू करावं लागतं. ते कधी करायचं हे ठरवणं हीच खरी कला. हंगामात काटा अहोरात्र चालतो. गाड्यांची रांग फाट्यापर्यंत. मशीन बंद केलं आणि तेवढ्यात रांग अडली तर गाडीवान काट्याच्या खिडकीत तोंड घालून जे बोलतात ते कुठल्याच कॉम्प्युटरला साठवता येणार नाही.

काट्याच्या भागाची तातेराव फार निगुतीनं काळजी घेत. रोज सकाळी अपटाइम पाहत. पंधरा-वीस दिवस झाले की काट्यावर फोन लावत, खिडकीतून रांग बघत, आणि गाड्या पातळ झाल्या की तेवढ्यात विसावा देऊन घेत. पुंजारामनं एकदा विचारलं होतं, "चालू मशीन बंद कशापाई करता साहेब?"

"त्यालाही विसावा लागतो पुंजाराम. विसावा न्हाई मिळाला की तुंबतं बिचारं."

पुंजारामनं हे मनावर घेतलं. बैलांच्या माणसाला विसावा हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

आणि हिशोबाचा भाग? तो दसऱ्यापासून एकसारखा जागा होता. दिवाळी गेली, संक्रांत गेली. तातेराव रोज त्याच्याही अपटाइमवरून आकडा न वाचता नजर फिरवत आणि पुढं जात. मुद्दाम काही करत नव्हते. त्यांना फक्त आठवत नव्हतं. आपल्या माणसाची गोष्ट विसरली तर तो विसराळूपणा. न बोलणाऱ्या चुलतभावाची गोष्ट विसरली तर त्याला दुसरं नाव असतं, पण ते तातेरावांनी स्वतःला कधी सांगितलं नाही. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या माणसाचा एक माणूस नेहमी सुटतो.

भुजंगराव दर आठवड्याला तक्रार करायचे. शेवटी एकदा पुंजारामला म्हणाले, "त्यांना म्हणावं, माझ्या भागातलं काहीतरी ओढून आपल्या भागात घेऊन राह्यले. बांध कोरायची विद्या आता त्या घरात गेली वाटतं."

तातेराव आठ दिवस झोपले नाहीत. आबारावांच्या मुलानं त्यांच्यावर बांध कोरायचा आळ घ्यावा!

आणि मग फेब्रुवारीत एक विलक्षण गोष्ट घडली. भुजंगरावांची तक्रार थांबली.

पहिल्या आठवड्यात तातेरावांना बरं वाटलं. दुसऱ्या आठवड्यात चुकल्यासारखं वाटू लागलं. तिसऱ्या आठवड्यात भुजंगराव व्हरांड्यात शीळ घालत जाताना दिसले, आणि तातेराव जागच्या जागी थांबले. कटकट करणारा माणूस कटकट थांबवतो, तेव्हा तो काहीतरी करून राह्यलेला असतो.

मंगळवारी सकाळी त्यांनी हिशोबाच्या भागाचा अपटाइम नीट, चष्मा पुसून पाहिला. दसऱ्यापासून जागा असलेला तो भाग कालच्या दुपारपासून जागा होता! कुणीतरी काल दुपारी तो झोपवून पुन्हा उठवला होता. मशीन कधी ते सांगतं. कोण ते सांगत नाही. हा त्याचा मोठाच दोष आहे. गावातल्या पारावर हे काम उलटं होतं. तिथं कोण ते आधी सांगतात, कधी ते नंतर ठरवतात.

पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही. म्हणजे दर सोमवारी, दुपारी, जेवणाच्या सुट्टीत.

"सोमवारीच का?" ते रात्री जेवताना मोठ्यानं म्हणाले.

"काय सोमवारीच?" इंद्रायणीबाईंनी विचारलं.

"सोमवारी दुपारी हाफिसात कोण राहत असंल?"

"ज्याला जेवायचं न्हाई तो."

तातेरावांचा घास हातातच राहिला. भुजंगचा सोमवार असतो! लहानपणापासून महादेवाचा उपास. सगळा हिशोब विभाग कॅन्टीनला जातो आणि भुजंग एकटा खुर्चीत बसून केळं खातो. एवढा धडधडीत पुरावा, आणि तोही खुद्द महादेवानं दिलेला.

"भुजंगभाऊजी तसं न्हाईत करायचे," इंद्रायणीबाई म्हणाल्या.

"तुला काय ठावं?"

"परवा बाजारात भेटले तर इचारलं, तात्याची खोकल्याची तक्रार हाय का अजून?"

"त्याला माझा खोकला कशाला पाहिजे?" तातेरावांनी ताट सरकवलं. हा नवा धागा होता. खोकला ऐकू आला म्हणजे तातेराव खोलीत आहेत, नाही आला म्हणजे खोली मोकळी. गडी पक्का तयारीचा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी ते कारखान्याच्या एमडी साहेबांसमोर, म्हणजे कार्यकारी संचालकांसमोर उभे राहिले. एमडी साहेब कडक माणूस. शेतकऱ्यांच्या उसाची बिलं त्याच हिशोबाच्या भागातून निघायची होती आणि मशीन कुणीतरी चोरून बंद-चालू करतंय हे ऐकून त्यांच्या कपाळावर घाम आला.

"मध्येच कुणी तसं बंद केलं तर आतलं सगळं बिघडू शकतं ना?"

"एका झटक्यात. बिलकुल सांगता येत न्हाई."

"कोण आहे?"

तातेरावांच्या जिभेच्या टोकावर नाव होतं. पण ते काट्यावरचे माणूस. तोलल्याशिवाय आकडा सांगायची सवय नाही. "सोमवारी हातोहात धरतो साहेब."

"धरा. आणि मंगळवारी मला नाव सांगा. कुणीही असो, त्याच दिवशी घरी पाठवतो. विभागप्रमुख असला तरी."

विभागप्रमुख असला तरी! तातेराव बाहेर आले तेव्हा त्यांना वडिलांची आठवण झाली आणि मार्च महिन्यातसुद्धा वारा थंड लागला.

सोमवारी सुट्टीच्या जरा आधी ते चपला काखेत मारून खोलीत शिरले. पुंजाराम चहाला गेला होता. मशीन आलं तेव्हाची रिकामी खोकी मागच्या भिंतीशी रचलेली होती, कधी लागतील म्हणून. तातेराव त्यांच्यामागे जाऊन उकिडवे बसले. एसीचा गार झोत बरोबर मानेवर येत होता. खोकला दाबून धरलेला. मशीन घुंई करत होतं. दोन्ही हिरव्या बत्त्या शांत होत्या.

तेवढ्यात शेजारच्या मोठ्या खोक्यातून शिंक आली.

तातेराव उडालेच. खोक्याचं झाकण हळूच वर झालं आणि आतून भुजंगरावांचं डोकं निघालं, पाठोपाठ हातातल्या चपला.

"धरला!" तातेराव म्हणाले.

"कुणाला? मीच तुला धरायला बसलोय!" भुजंगराव म्हणाले. इतक्या वर्षांनी एकमेकांशी बोललेली ही पहिली वाक्यं, आणि पुंजाराम जागेवर नसल्यामुळे ती थेट पोचली.

"मला? माझ्या खोलीत?"

"माझ्या भागाचं काय ओढून राह्यला ते बघायला. दर सोमवारी दुपारी माझं मशीन कुणीतरी बंद करतं. उपास असतो, मी जागेवर असतो, मला स्क्रीनवर कळत न्हाई का?"

"आरं मंग तक्रार का थांबवली?"

"मशीन पळायला लागलं ना तवापासून. म्हणलं, तात्या चोरून काहीतरी करतोय, पण चांगलं करतोय. चांगलं करतोय म्हंजी त्यात डाव असंल. म्हणून बसलो."

 संशय दोन्ही घरांत सारखाच वाटून आला होता. त्या वाटणीत कुणी कुणाचं कोरलेलं नव्हतं.

बाहेर चपला काढल्याचा आवाज आला. भुजंगरावांनी तातेरावांची बाही धरून त्यांना खोक्यांमागं ओढलं. दोघं खांद्याला खांदा लावून दबून बसले. लहानपणी तुरीच्या शेतात असेच बसायचे, राखणदार पुढं जाईपर्यंत. दोघांनाही ते आठवलं असावं, कारण दोघांनीही एकदम श्वास धरला.

पुंजाराम आत आला. त्यानं दार लोटलं. घोंगडं स्टुलावर ठेवलं. मशीनपुढं जाऊन उपरण्याच्या टोकानं त्यानं हिशोबाच्या भागाची बत्ती पुसली आणि कपाटाच्या कडेवर थाप मारली, बैलाच्या वशिंडावर मारतात तशी.

"हो... हो... दमला रं पवळ्या. बस आता."

आणि त्यानं बटण दाबलं, तातेराव दाबत तसंच, हलक्या बोटानं. हिरवी बत्ती लुकलुकली, मंदावली, विझली. शेजारी काट्याची बत्ती तशीच जळत होती. पुंजाराम खाली मांडी घालून बसला आणि त्यानं तंबाखूची डबी काढली. तंबाखू मळून होईपर्यंत विसावा, असा त्याचा हिशोब दिसत होता.

"पुंजाराम!" दोन्ही भाऊ एकदम ओरडले.

पुंजारामच्या हातून डबी पडली. खोक्यांमागून दोन साहेब निघाले ते बघून त्याला भीती कमी आणि आश्चर्य जास्त वाटलं.

"आरं काय करून राह्यला तू?" तातेरावांनी विचारलं.

"आज सोमवार हाय ना साहेब."

"मंग?"

"आमच्याकडं सोमवारी बैलाच्या मानंवर जू ठेवत न्हाईत. महादेवाचा वार हाय, नंदीला सुट्टी. मी गाडी हाकीत होतो तवा कारखाना कितीबी वरडू द्या, सोमवारी माझी गाडी काट्यावर आल्ती का कधी?"

तातेरावांना आठवलं. खरंच नव्हती आली.

"पण हा बैल हाय का?"

"तुम्हीच म्हणले व्हते, त्यालाबी विसावा लागतो, न्हाई तर तुंबतं. काट्याच्या हरण्याला तुम्ही बराबर सोडता. ह्या पवळ्याला दसऱ्यापून कोणी सोडंना. भुजंगसाहेब तर रोज वरडून राह्यले, हळू चालतंय, हळू चालतंय. दमलेला बैल हळूच चालंल ना? मला वाटलं, तुम्ही कामाच्या गडबडीत इसरून राह्यले. मंग म्हणलं, आपूनच सोमवार पाळावा. दिवसभर तर सोडता येत न्हाई, पण घटकाभर तरी."

"इसरला न्हाई तो," भुजंगराव हळूच म्हणाले.

तातेरावांनी विझलेल्या बत्तीकडे पाहिलं. मशीनच्या घुंईत एक आवाज कमी झाला होता, तेवढंच ऐकू येत होतं.

पुंजारामनं पडलेली डबी उचलली, तंबाखू मळून तोंडात टाकली, उठून पुन्हा बटण दाबलं, आणि बत्ती जागी झाल्यावर शांतपणे विचारलं, "काही चुकलं का साहेब?"

त्याला कुणी काही सांगितलं नाही. त्याला चहाला पाठवलं आणि दोघं भाऊ खोक्यांवर बसले. उद्या एमडी साहेबांना नाव सांगायचं होतं. पुंजारामचं नाव सांगितलं तर तो त्याच दिवशी घरी, आणि घरी बैलही उरले नव्हते.

"माझं नाव सांग," भुजंगराव म्हणाले.

"काय?"

"तुला तेच सांगायचं होतं ना? मी म्हणीन, मशीन हळू होतं म्हणून मीच बंद करीत होतो. मला काय करतील? हिशोबाचा माणूस हंगामात कोणी काढीत न्हाई. चार दिवस ओरडतील."

तातेरावांच्या डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. एखाद्या दुसऱ्या माणसाच्या आलंही असतं. पण तातेरावांच्या मनात पहिला विचार आला तो असा की, ह्यात ह्याचा डाव काय? आणि लगेच तो डाव त्यांना लख्ख दिसला. उद्या सगळा कारखाना म्हणेल, भुजंगरावांनी गरिबासाठी आळ अंगावर घेतला. पुंजाराम जन्मभर पाया पडेल. इंद्रायणीसुद्धा म्हणेल, बघा, मी म्हणलं नव्हतं? सगळा मोठेपणा भुजंगच्या रानात, आणि तातेरावांच्या वाट्याला फक्त दसऱ्यापासून न सोडलेला बैल. नाही. इतकं कडेकडेनं ते कोरू देणार नव्हते.

"तू गप बैस," ते म्हणाले. "नाव मी सांगीन."

भुजंगरावांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं, हा पुंजारामलाच देणार. तो दिवस आणि ती रात्र भुजंगरावांनी तातेरावांबद्दल काय काय विचार केला असेल, ते त्यांनी पुढं कधी सांगितलं नाही.

मंगळवारी एमडी साहेबांनी मान वर केली. "धरला का?"

"धरला साहेब."

"कोण?"

"मी."

एमडी साहेबांनी चष्मा काढला.

"म्हंजी असं साहेब, हिशोबाच्या भागाला विसावा द्यायचं काम माझं. मी ते दसऱ्यापासून केलं न्हाई. मंग सोमवारी सोमवारी माझ्या हुकमानं व्हायला लागलं. पण त्याची नोंद मी ठेवली न्हाई, भुजंगरावांना सांगितलं न्हाई. आणि मंग मलाच याद राहिली न्हाई आणि मीच संशय घेतला."

"तुम्हीच चोर आणि तुम्हीच फौजदार?"

"तसंच झालं साहेब."

"तातेराव, तुम्ही माझ्याकडं येऊन विभागप्रमुख असला तरी घरी पाठवतो असं माझ्याकडून वदवून घेतलंत, आठवतंय?"

"आठवतंय."

एमडी साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. या सगळ्यात काहीतरी खोटं आहे हे त्यांना दिसत होतं, पण इतकं गैरसोयीचं खोटं माणूस स्वतःविरुद्ध कशाला बोलेल, हे काही त्यांना उमगेना. शेवटी त्यांनी दिलेला शब्द अर्धाच पाळला. घरी पाठवलं नाही. काट्यावर पाठवलं. मशीनच्या खोलीची किल्ली भुजंगरावांच्या हाती दिली. पुंजाराम स्टुलावर तसाच राहिला. त्याला तातेरावांनी एवढंच सांगितलं की यापुढं बटण भुजंगसाहेबांना विचारल्याशिवाय दाबायचं नाही. तो म्हणाला, "बराबर हाय. बैल ज्याचा त्यानंच सोडावा."

इंद्रायणीबाईंनी त्या रात्री चहात साखर जास्त घातली आणि तातेरावांनी काही न विचारता तो प्यायला. त्याचा मात्र इंद्रायणीबाईंना संशय आला.

काट्यावर तातेरावांचं बरं चाललं. पण आठवड्या-दोन आठवड्यांनी एक अडचण निघाली. काट्याचा भाग हळू चालू लागला. आता बटण भुजंगच्या खोलीत, आणि गाड्यांची रांग तातेरावांच्या खिडकीत. कधी झोपवायचं हे एकट्याला ठरवता येत नव्हतं. रांग ज्याला दिसते त्यानं सांगायचं आणि बटण ज्याच्याकडं आहे त्यानं दाबायचं, आणि मध्ये पुंजारामला पाठवायला ते अंतर फार होतं.

तातेरावांनी इंटरकॉम उचलला. बराच वेळ हातात धरून मग नंबर फिरवला.

"बोल तात्या," पलीकडून आवाज आला, जणू तो फोन शेजारीच घेऊन बसला होता.

"रांग पातळ हाय. चार गाड्या हायत, त्या तोलून घेतो. मंग सांगतो तवा दाब."

"बराबर."

चार गाड्या गेल्या. पाचवा गाडीवान येऊन काट्यावर उभा राहिला, बैलांच्या तोंडाला फेस.

"थांब रं जरा," तातेराव त्याला म्हणाले. मग फोनमध्ये, "दाब."

समोरचा स्क्रीन काळा झाला. तातेराव फोन कानाला लावून त्या काळ्या काचेकडे बघत बसले. त्यात त्यांचाच चेहरा दिसत होता.

"काय झालं साहेब? बंद पडलं का?" गाडीवानानं विचारलं.

"न्हाई. येतंय."

"आलं का?" भुजंग फोनमध्ये.

"न्हाई."

"आता?"

"न्हाई. तू बराबर दाबलं ना?"

"दाबलं बाबा. आता?"

काळ्या काचेवर एक पांढरी ओळ उमटली. मग दुसरी. मग भराभर.

"आलं," तातेराव म्हणाले.

"बराबर आलं का? का काही गेलं?"

"थांब. बघू दे." आणि तातेराव एकेक गाडी, एकेक वजन बोट लावून तपासत बसले. गाडीवान बिडी पेटवून काट्याच्या कडेला येऊन उभा राहिला, आणि भुजंगराव फोन न ठेवता पलीकडे वाट बघत राहिले.